एन-नेसिरीचा हेडर: २.७८ मीटर म्हणजे नक्की काय, आणि गोलांचे आकडे असे वर-खाली का?

पेनल्टीबॉक्स

मोरोक्कोचा फॉरवर्ड यूसुफ एन-नेसिरी याच्याबद्दल दोन प्रश्न आहेत. जाणकारांनी उजेड पाडावा.

पहिला. १० डिसेंबर २०२२, दोहाचं अल थुमामा स्टेडियम, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी. पोर्तुगालविरुद्ध ४२ व्या मिनिटाचा तो हेडर १५ वर्षांखालच्या मुलांना नमुना म्हणून दाखवायचा आहे. जिथे बघावं तिथे '२.७८ मीटर उडी' एवढंच लिहिलेलं सापडतं. हे २.७८ कुठून कुठपर्यंत मोजलं? आणि त्यातलं शिकवण्याजोगं किती?

दुसरा. त्याचे सेव्हिया या स्पॅनिश क्लबमधले ला लीगाचे (स्पेनच्या अव्वल लीगचे) गोल बघा: २०२०-२१ मध्ये १८, पुढच्या वर्षी ५, मग ८, मग १६. माणूस तोच, क्लब तोच. 'फॉर्म गेला, फॉर्म आला' यापलीकडे काही कारण आहे का?

हायलाइट्सच्या लिंका नकोत, त्या सगळ्या पाहून झाल्या आहेत.

उजवी बगल

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

एन-नेसिरी स्वतः गोल 'तयार' करणारा फॉरवर्ड नाही. पाठ गोलकडे असताना बॉल पायात घेऊन वळणं, दोघांना चकवून आत शिरणं ही त्याची कामं नव्हेत. त्याचा पहिला टच दगा देतो हे सेव्हियाच्या चाहत्यांना पाठ आहे. त्याची ताकद दोनच गोष्टींत: बचावफळीच्या मागच्या मोकळ्या जागेत लांब धाव, आणि क्रॉसवर, म्हणजे कडेने बॉक्समध्ये टाकलेल्या बॉलवर, डोकं. दोन्हीसाठी बॉल दुसऱ्याने द्यावा लागतो. तेव्हा त्याच्या आकड्यांकडे बघताना आधी बगलेत, म्हणजे मैदानाच्या कडेला, कोण खेळत होतं ते बघा.

करिअर थोडक्यात. जन्म १ जून १९९७, फेस शहर. सालेजवळच्या मोहम्मद सहावे फुटबॉल अकादमीत घडला. नायेफ अगेर्द, अझेदिन उनाही आणि गोलकीपर तग्नाउती त्याच अकादमीचे, आणि चौघेही २०२२ च्या विश्वचषक संघात होते. त्या २६ जणांपैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले, म्हणजे हा घरच्या मातीतला गडी. २०१५ मध्ये मालागा. २०१७-१८ ला मालागा तळाशी राहून खालच्या श्रेणीत गेला आणि हा लेगानेसला आला. तिथे फेब्रुवारी २०१९ मध्ये बेतिसविरुद्ध हॅटट्रिक; लेगानेससाठी ला लीगात ती पहिलीच. जानेवारी २०२० मध्ये सेव्हियाने त्याला सुमारे २ कोटी युरोंना उचललं. पाठोपाठ फेब्रुवारीत बार्सिलोनाने ट्रान्सफरची मुदत संपल्यावर खास परवानगीने लेगानेसच्याच ब्रेथवेटलाही नेलं. दोन्ही फॉरवर्ड गेलेला लेगानेस शेवटच्या दिवशी दुसऱ्या श्रेणीत घसरला. बिचाऱ्यांचं सगळं मुसळ केरात.

आता सेव्हिया, वर्षवार.

२०२०-२१: लोपेतेगी प्रशिक्षक, ४-३-३. उजवीकडून हेसुस नावास, डावीकडून आकुन्या, शिवाय सुसो आणि ओकाम्पोस. जवळजवळ प्रत्येक हल्ला बगलेतून येऊन बॉक्समध्ये संपायचा. आधीच्या वर्षी युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात लुक दे योंगने इंटरविरुद्ध दोन हेडर मारले होते, पैकी पहिला नावासच्या क्रॉसवर. म्हणजे ताट वाढलेलंच होतं, पाटावर नवा माणूस बसला. शिवाय हा मागच्या जागेतही पळायचा, जे दे योंगला जमत नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये रियाल सोसिएदाद आणि कादिसविरुद्ध दोन आठवड्यांत दोन हॅटट्रिक. चॅम्पियन्स लीगमध्ये ६ गोल, तेही दोन-दोनच्या जोड्यांत: क्रास्नोदार, रेन आणि दोर्टमुंड.

२०२१-२२: शरद ऋतूत स्नायूची दुखापत, काही महिने बाहेर. परत येतो तोवर कॅमेरूनमधला आफ्रिका चषक. लीगमध्ये १८ सामने, ५ गोल. हिशोब केला तर साडेतीन सामन्यांना एक गोल, इतका काही भयंकर नाही. ५ हा आकडा मुळात न खेळलेल्या सामन्यांचा आहे.

२०२२-२३: हे वर्ष खरंच वाईट सुरू झालं. एका मोसमात तीन प्रशिक्षक: लोपेतेगी, साम्पाओली, मार्चपासून मेंदिलीबार. मेंदिलीबारचा खेळ सरळसोट. बॉल लवकर बगलेत, बगलेतून लवकर आत, बॉक्समध्ये माणसं भरा. एन-नेसिरीला याहून जास्त काही लागत नाही. लीगमध्ये संघ बाराव्या क्रमांकावर राहिला, पण युरोपा लीग जिंकला.

२०२३-२४: संघ चौदावा, तरी याचे १६ गोल. मोसमाच्या मध्यावर प्रशिक्षक किके सांचेझ फ्लोरेसने मागे तिघे ठेवून पुढे दोन फॉरवर्ड खेळवले आणि इसाक रोमेरोची जोड दिली. रोमेरो खाली येऊन डिफेंडर ओढायचा, हा मागे पळायचा.

त्यानंतर २०२४ च्या उन्हाळ्यात तुर्कीचा फेनेरबाचे, प्रशिक्षक मोरिन्यो, पुन्हा सुमारे २ कोटी युरो. तादिच आणि कोस्तिचचे क्रॉस, आणि तुर्की लीगमध्ये पहिल्याच मोसमात २० गोल.

सूत्र दिसतंय ना? नावास, आकुन्या, तादिच, कोस्तिच ही नावं आणि गोलांचे आकडे शेजारी मांडा.

टेपमाप

२.७८ बद्दल.

ही 'उडी' नाही. जमिनीपासून त्याचं डोकं जास्तीत जास्त ज्या उंचीला पोचलं, ती ही उंची. त्याची नोंदलेली उंची १.८८ मीटर. वजा केलं तर डोकं ९० सेंटीमीटर वर गेलं. त्यातही टाच उचलून चवड्यावर आल्याने जे १०-१२ सेंटीमीटर मिळतात ते धरा, मग शरीर खऱ्या अर्थाने उचललं गेलं ते ७८-८० सेंटीमीटर. धावत येऊन एका पायावर घेतलेली उडी आहे, म्हणून जागेवरच्या उडीशी तुलना करू नका. रोनाल्डोच्या डिसेंबर २०१९ मधल्या साम्पदोरियाविरुद्धच्या हेडरला २.५६ मीटर म्हणतात, तोही असाच डोक्याचा आकडा. हे आकडे व्हिडिओवरून काढतात. कॅमेऱ्याचा कोन बदलला की पाच-दहा सेंटीमीटर इकडे-तिकडे सहज होतात, म्हणून रोनाल्डोशी भांडण लावण्यात अर्थ नाही.

मुलांना सांगण्यासारखी तुलना एकच: गोलचा आडवा बार २.४४ मीटरवर असतो. त्याचं डोकं बारच्याही दीड वीत वर होतं.

पण खरी गंमत उंचीत नाही, वेळेत आहे. हिशोब मांडतो.

८० सेंटीमीटर वर जायला साधारण ०.४ सेकंद लागतात. म्हणजे बॉल डोक्यावर येण्याच्या ०.४ सेकंद आधी पाय जमीन सोडतो. लोंबकळत येणारा क्रॉस सेकंदाला १२ मीटरच्या आसपास वेगाने येतोय असं धरा. तेव्हा पाय सुटला त्या क्षणी बॉल अजून जवळजवळ ५ मीटर लांब आहे. तो ज्या बॉलसाठी उडतोय तो तिथे पोचलेलाच नाही. ही अंदाज घेण्याची कला.

१४-१५ वर्षांच्या मुलाची उडी ३०-३५ सेंटीमीटर असते. त्याला वर जायला ०.२५ सेकंद. त्याच क्रॉसला त्याने बॉल ३ मीटरवर असताना उडायचं. एन-नेसिरी बघून ५ मीटरवर उडाला तर बॉल येईपर्यंत तो खाली येऊ लागलेला असेल. या गोलची नक्कल करताना मुलं नेमकी इथेच फसतात.

उजवी बगल

टेपमाप यांना +१. एक जोडतो: तो क्रॉस नेहमीच्या लेफ्ट-बॅकचा नव्हता. माझरावी दुखापतीने बाहेर, म्हणून वायदाद कासाब्लांकाचा याह्या अतिय्यत-अल्लाह खेळला. रेग्रागी राष्ट्रीय संघावर येण्याआधी वायदादचाच प्रशिक्षक होता, त्यामुळे याच्या डाव्या पायाची त्याला पुरती माहिती. क्रॉस उंच, लोंबता, सहा यार्डांच्या बॉक्सजवळ पडणारा. गोलकीपरला 'येऊ की नको' असा संभ्रम पाडणारा. दियोगो कोस्टा आला, पण उशिरा निघाला. डिफेंडर रुबेन दियाश आणि कोस्टा यांच्या मधल्या जागेत हा वर गेला.

तिसरी रांग

सगळं कौतुकच चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो.

एन-नेसिरी जितके सोपे गोल चुकवतो तितके त्याच्या तोडीचा दुसरा फॉरवर्ड चुकवत नसेल. २०१९ च्या आफ्रिका चषकात बेनिनविरुद्ध बरोबरीचा गोल त्यानेच केला, पण पेनल्टी शूटआउटमध्ये बुफालसोबत तोही चुकला आणि मोरोक्को घरी. २०२२ मध्ये विश्वचषकाआधी त्याला संघातून काढा म्हणून मोरोक्कोतच ओरड होती. आणि युरोपा लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धचे जे दोन गोल लोक मिरवतात ते दोन्ही समोरच्यांच्या चुकांचे: २० एप्रिल २०२३, आठव्या मिनिटाला त्यांचा कीपर दे गेआने घेरल्या गेलेल्या डिफेंडर मॅग्वायरला पास दिला, आणि ८१ व्या मिनिटाला दे गेआ बॉक्सबाहेर येऊन बॉल आवरू शकला नाही. रिकाम्या गोलमध्ये कोणीही मारेल.

उजवी बगल

मारेल खरं, पण आधी तिथे असायला हवं. पहिल्या गोलला मॅग्वायरला तीन जणांनी घेरलं होतं त्यात हा एक होता. दुसऱ्या वेळी ८१ वं मिनिट, संघ २-० ने पुढे, दोन्ही लेग मिळून ४-२. अशा वेळी हरवल्यात जमा असलेल्या लांब बॉलमागे किती फॉरवर्ड पूर्ण वेगात पळतात? पहिल्या लेगमध्येही ९० मिनिटं उलटून गेल्यावर त्याचा हेडर मॅग्वायरला लागून आत गेला आणि २-२ झालं. नोंदीत स्वयंगोल.

तसाच युरोपा लीगचा बुडापेस्टमधला अंतिम सामना. रोमाविरुद्ध नावासचा क्रॉस, हा मधे घुसतोय, त्याला अडवण्याच्या घाईत मान्चिनीने स्वतःच्याच गोलमध्ये घातला. एन-नेसिरीच्या खात्यात शून्य. ती धाव नसती तर मान्चिनीने बॉल आरामात कॉर्नरला काढला असता.

सोपे गोल चुकवतो हे मात्र मान्य. तो डावखुरा आहे, उजवा पाय गरजेपुरता. २०२२ च्या विश्वचषकात कॅनडाविरुद्ध हाकिमीच्या लांब पासवर दोघांच्या मधून पळून केलेला गोल उजव्याने होता, म्हणून तो जास्त लक्षात राहतो. पेनल्टीचं म्हणाल तर जानेवारी २०२६ ला रबातमध्ये नायजेरियाविरुद्ध आफ्रिका चषकाच्या उपांत्य फेरीतल्या शूटआउटची शेवटची पेनल्टी त्यानेच मारली आणि मोरोक्को अंतिम फेरीत गेला. बेनिनची उधारी त्या दिवशी फिटली.

कोन आणि शिट्टी

शिकवण्याचा मुद्दा राहून जातोय. क्रम असा ठेवा.

१) उभं कुठे राहायचं. एन-नेसिरी क्रॉसच्या आधी जवळच्या डिफेंडरजवळ नसतो. लांबच्या सेंटर-बॅकच्या पाठीशी, त्याच्या खांद्यामागे असतो. डिफेंडरला बॉल आणि माणूस एकाच नजरेत दिसत नाही. त्याची मान बॉलकडे वळली की हा निघतो. सरावात एक मुलगा डिफेंडर करा आणि त्याला फक्त बॉलकडे बघायला सांगा. फॉरवर्डने त्याच्यापासून दोन पावलं मागे आणि एक पाऊल बाहेर उभं राहायचं.

२) धाव. साधारण पेनल्टी स्पॉटच्या मागून, म्हणजे गोलरेषेपासून १२-१३ मीटरवरून. पाच ते सहा पावलं, सरळ नाही, किंचित कमानीत. कमानीमुळे उडताना छाती अर्धी गोलकडे, अर्धी बॉलकडे राहते. सरळ धावत आलेल्या मुलाला हवेत मान पिळावी लागते आणि जोर जातो.

३) शेवटची दोन पावलं. सगळं इथे आहे. शेवटून दुसरं पाऊल लांब, गुडघा थोडा वाकलेला, कंबर खाली. शेवटचं पाऊल आखूड आणि झटक्यात. लांब-आखूड, लांब-आखूड असं तोंडाने म्हणायला लावा. मुलं उलट करतात, शेवटचं पाऊल लांब टाकतात. मग टाच रुतते, धावेचा वेग ब्रेकसारखा मरतो आणि उडी वर न जाता पुढे जाते.

४) मोकळा गुडघा आणि हात. ज्या पायावर उडी नाही त्याचा गुडघा कमरेच्या उंचीपर्यंत. दोन्ही हात खालून वर, पण कोपरं खांद्याच्या खाली. कोपर वर गेलं आणि डिफेंडरच्या तोंडाला लागलं तर फाउल, वर कार्ड.

५) फटका. कपाळाचा सपाट भाग, केसांच्या रेषेच्या खाली. डोळे उघडे, हनुवटी आत, दात मिटलेले, मान ताठ. मान ढिली असेल तर बॉल डोक्याला मारतो, डोकं बॉलला नाही. जोर मानेतून नाही, कमरेतून: हवेत धड थोडं मागे, मग पुढे.

६) दिशा. खाली, गोलरेषेजवळ टप्पा पडेल अशी. वर मारलेला हेडर कीपरच्या हाताच्या टप्प्यात जातो.

बॉल सुरुवातीला हातानेच टाका, ६-७ मीटरवरून, कमानीत. पायाने मारलेला क्रॉस लगेच आणला तर दहापैकी सात बॉल चुकीच्या जागी पडतात आणि मुलगा उडी शिकायच्या ऐवजी बॉलमागे पळायला शिकतो. आधी बॉल न मारता नुसती धाव आणि उडी, ८ वेळा. मग टाकलेला बॉल दोन्ही हातांनी सर्वात उंच बिंदूवर झेलायचा, ८ वेळा. यात वेळ चुकली की लगेच कळतं: बॉल छातीशी झेलला म्हणजे उशिरा उडाला, बोटांच्या टोकाला लागून मागे गेला म्हणजे बॉलच्या फार खाली शिरला. शेवटी डोक्याने, फक्त ५-६.

पेनल्टीबॉक्स

सर्वांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच जास्त मिळालं. दोन शंका. बरीच मुलं क्रॉस आला की आधीच बॉलच्या खाली जाऊन थांबतात आणि मग जागेवरून उडतात. ते कसं मोडायचं? आणि डोक्याने ५-६ च का? आठवड्याला किती चालतील?

कोन आणि शिट्टी

खाली जाऊन थांबणं हा भीतीचा प्रकार आहे, बॉल हुकेल ही भीती. उपाय साधा. बॉल जिथे पडणार तिथे सरावाचा एक कोन (शंकू) ठेवा आणि मुलाला सांगा, बॉल टाकणाऱ्याच्या हातातून सुटेपर्यंत कोनापासून पाच पावलं लांब राहायचं. आधी निघाला तर तो प्रयत्न बाद. सुरुवातीला उशीर होईल, होऊ द्या. उशिरा पोचणारा मुलगा वेग शिकला की सुधारतो, लवकर पोचणारा सुधारत नाही. एन-नेसिरीचा गोल पुन्हा बघा: कॅमेऱ्यात तो दिसतो तो धावतानाच, बॉलखाली उभा कधीच नाही.

संख्येबद्दल हयगय नको. अमेरिकेत १० वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंद आहे आणि ११ ते १३ वयाला सरावात मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवत नाहीत. तिथल्या व्यावसायिक खेळाडूंनाही २०२१-२२ पासून आठवड्याच्या सरावात जोराचे १० च हेडर अशी शिफारस आहे. तेव्हा १५ खालच्यांना आठवड्यात एकच हेडिंगचं सत्र, आणि प्रत्यक्ष डोक्याला लागणारे बॉल बोटांवर मोजण्याइतके. उरलेलं काम झेलण्याच्या सरावात होतं. बॉलमध्ये हवा बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला ठेवा. पावसाळ्यात भिजून जड झालेला बॉल हेडिंगला अजिबात नको. कोणाला डोकं दुखतंय, गरगरतंय, उजेड सहन होत नाही असं वाटलं तर त्या दिवशी सराव तिथेच बंद आणि डॉक्टर.

तिसरी रांग

जाता जाता: मुलं गोव्याकडची असतील तर 'मोरोक्कन फॉरवर्ड' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर नोआ सदाऊई येईल, २०२२ ते २०२४ एफसी गोवासाठी खेळलेला. तो नमुना इथे लावू नका. डाव्या बगलेत बॉल पायात घेऊन आत कापणारा खेळाडू तो, डोक्याचा नव्हे.

टेपमाप

आणि क्लिप दाखवताना एक करा. क्रॉस मारल्याक्षणी व्हिडिओ थांबवा आणि मुलांना विचारा, एन-नेसिरी कुठे आहे. मग त्याचा पाय जमीन सोडतो तिथे थांबवा आणि विचारा, बॉल कुठे आहे. गोल नंतर दाखवला तरी चालेल.